आईला घेऊन मोटरहोमने लातूर ते मुंबई: जमेल का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत पाच दिवस मुंबई करायची आहे. आम्ही सहा जण: मी, बायको, दोन पोरं (अकरा आणि सहा), आई आणि सासरे. वेळ अमावस्या (आमच्याकडचा शेतातला सण) झाल्याशिवाय आई घर सोडणार नाही, त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा.

मोटरहोम कशाला, तर खरं कारण सांगतो. आईचा प्रवास आदल्या रात्रीच सुरू होतो, म्हणजे तिचं पाणी बंद होतं. सकाळचा चहासुद्धा अर्धा कप. वाटेत 'जायची' वेळ येऊ नये म्हणून. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, ढाब्यामागच्या त्या खोलीत बसणं शक्य नाही. मागच्या वर्षी पुण्याला लग्नाला निघालो. टेंभुर्णीपर्यंत तिने एक घोट घेतला नाही, हडपसरला उतरताना चक्कर येऊन पडली. लग्न राहिलं बाजूला, दोन सलाईन लावून आणली. डॉक्टरांनी झापलं ते मला.

त्यानंतर मोबाईलवर मोटरहोमचे व्हिडिओ बघत बसलो. पलंग, ओटा, बेसिन आणि आत संडास! आईला दाखवलं. म्हणाली, "गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, मग घर काय वाईट आहे?" पण थोड्या वेळाने म्हणाली, "तो मधला भाग परत लाव बरं."

पुण्याच्या एकाने ड्रायव्हरसकट दिवसाला पंधरा हजार सांगितले, डिझेल वेगळं. प्रश्न असे: रस्ता कोणता धरावा? मुंबईत एवढं धूड रात्री कुठं लावायचं? पाणी पुरतं का? आणि कधी मी चालवली तर माझं साधं कारचं लायसन्स चालेल का?

---

सुशीला_प्रेमी

सगळ्यात आधी हे सांगा, धपाट्यांचा डबा संडासाच्या कोणत्या बाजूला ठेवणार?

---

हिशेबनीस

75,000 नुसतं भाडं. गाडी पुण्याहून लातूरला रिकामी येणार आणि शेवटी रिकामी परत जाणार, ते साडेसहाशे किलोमीटर तुमच्याच बोडक्यावर. लातूर-मुंबई जाऊन-येऊन हजार धरा. एकूण सोळा-साडेसोळाशे. लिटरला नऊ दिलं तरी 180 लिटर डिझेल, म्हणजे साधारण सोळा हजार. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, जेवण धरून लाख रुपये.

याच पैशात सहा जणांची एसीची तिकिटं, दादरला दोन चांगल्या खोल्या आणि रोज टॅक्सी होते. वर पैसे उरतात. आणि राग मानू नका, संडास लातूर एक्स्प्रेसमध्येपण असतो!

---

मांजराकाठ

हिशेबनीस, राग नाही. पण चार वर्षांपूर्वी त्याच गाडीत दौंडच्या आसपास रात्री आई आतमध्ये घसरली. गाडी हलत होती, खाली ओलं होतं, धरायला जे होतं ते हाताला लागलं नाही. तिने दार आतून लावलेलं. बाहेरून मी आणि टीसी दार वाजवतोय, आतून "काही नाही, काही नाही" एवढंच. तेव्हापासून तिचं रेल्वेचं नाव बंद आहे.

---

निवृत्त_कंडक्टर (अंबाजोगाई)

मांजराकाठ, तुमची पोस्ट वाचून लिहायला बसलो. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यात बरीच वर्षं रातराणी. बायामाणसं जवळ येऊन हळूच विचारायची, "मास्तर, गाडी इथं किती वेळ थांबणार?" सुरुवातीला मी आपला "दहा मिनिटं" म्हणून मोकळा व्हायचो. आमच्या घरच्यांनी एकदा समजावून सांगितलं, अहो, त्या वेळ विचारत नाहीत. मग मी उत्तर बदललं. "थांबते हो मावशी, तुम्ही आल्याशिवाय बेल मारत नाही." ही बाई शेवटच्या सीटवरून उठून सगळ्यांदेखत पुढं येऊन मला विचारते, तिच्या जिवाला काय होत असेल ते कळायला मला सात-आठ वर्षं लागली.

असो. रस्ता. लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. तिथून सोलापूर-पुणे हायवे धरायचा. टेंभुर्णीपर्यंत कंबर धरून बसायचं, पुढं रस्ता चांगला. पहाटे चारला निघा, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरायच्या आत टेंभुर्णी गाठा. डिसेंबरात कारखाने जोरात असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना लाईट ना लाल कापड. तुमची गाडी उंच, त्यामुळं वारं लागतं, ओव्हरटेक करताना डुलते. घाई करू देऊ नका ड्रायव्हरला.

---

जालन्याची_सून

एवढ्या वळणांपेक्षा समृद्धी का घेत नाही? आम्ही जालन्याला चढतो आणि थेट आमणे, भिवंडीजवळ उतरतो. शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला, आता सगळा 701 किलोमीटर खुला आहे. कसाऱ्याचा घाट गेला, त्याऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. पोरं बोगद्यात श्वास धरायची पैज लावतात आणि निम्म्याच्या आधी हरतात.

फक्त टायर बघून घ्या. सरळ, तापलेला काँक्रीट रस्ता आणि घासलेले टायर म्हणजे आमंत्रणच.

---

निवृत्त_कंडक्टर

सूनबाई, लातूरहून जालना गाठायलाच दोनशेच्या वर किलोमीटर. तेवढ्यात हा माणूस इंदापुरात चहा पीत असेल. समृद्धी तुमच्यासाठी, परभणीकरांसाठी ठीक. आमचा बालाघाट ओलांडून उलटं वर कोण जाणार?

---

जालन्याची_सून

काका, बरोबर. जालन्याचं असलं की सगळं जग जालन्यावरून जातं असं वाटतं. 😄

---

डिझेल_मामा (नांदेड)

मी स्वतः जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं घर केलंय, तर थोडं ऐका. (आधीच सांगतो, आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. मी तेरा फेऱ्या मारल्या. तो वेगळा धागा होईल.)

व्हिडिओत एसी लावून पोरं झोपलेली दाखवतात ना, ते कुठल्या तरी प्लगला जोडून. बॅटरीचं गणित सोपं आहे. 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर 3600 वॅट-तास. साध्या लेड-अ‍ॅसिड असतील तर निम्म्याच वापरायच्या, नाहीतर लवकर मरतात. राहिले 1800. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो. म्हणजे दीड तासात अंधार. इंडक्शनवर वीस मिनिटांत भाजी केली की सहाशे गेले. पंखा मात्र रात्रभर चालून दोनशे. तेव्हा गाडीवाल्याला 'एसी आहे का' विचारू नका, 'गाडी बंद असताना एसी किती वेळ चालतो आणि बॅटरी कोणती' हे विचारा. डिसेंबरात तसा पंखाच बास.

पाणी. टाकी बहुतेक शंभर लिटरची. सहा माणसं, पंधरा-पंधरा लिटर. संध्याकाळी खडखडाट.

---

सुशीला_प्रेमी

शंभर लिटर?? मामा, तुम्ही गोदावरीकाठचे, तुम्हाला कमी वाटणारच. आम्ही 2016 चे लातूरकर आहोत. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आम्हाला, 'जलदूत'. शंभर लिटरमध्ये सहा माणसं, दोन पाहुणे आणि एक तुळस.

---

मांजराकाठ

😂 खरं आहे. मोठ्याचा जन्म त्याच्या आधीचा. आमच्याकडे अजूनही तांदळाचं पाणी झाडाला आणि पोरांच्या आंघोळीचं पाणी अंगणाला जातं. सासरे अर्ध्या बादलीत आंघोळ करून वर पाव बादली शिल्लक ठेवतात. पाण्याची काळजी नव्हती खरं तर, उगं विचारलं.

---

कडक_भाकरी (बीड)

पाणी भरायचं सोडा, *काढायचं* कुठं ते कुणी बोललंच नाही.

आम्ही गेल्या मे महिन्यात असलीच गाडी घेतली, कोकणात. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या सासूबाईपण बरोबर, कारण अगदी तुमचंच. निघाल्यावर तासाभरात बघते तर संडासाच्या दाराला बारकं कुलूप. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ते इमर्जन्सीसाठी आहे." म्हटलं, इमर्जन्सीच आहे. तर म्हणे टाकी भरली तर रिकामी कुठं करू, मागच्या पार्टीच्या वेळी मलाच धुवावी लागली. त्याचंही खोटं नव्हतं हो. खाली वीस लिटरचा डबा असतो, ओढून बाहेर काढायचा आणि एखाद्या संडासात नेऊन ओतायचा. तो भरलेला डबा हातात धरून ढाब्यावर विचारायला कोण जाणार? शेवटी कुलूप उघडलं, पण माझ्या नवऱ्याने डबा न्यायचा या अटीवर. त्याने तीन वेळा नेला. त्या दिवसापासून मला त्याच्याबद्दल जरा आदर वाटायला लागलाय.

तेव्हा बुकिंगच्या आधी लिहून घ्या: संडास वापरायचा आहे, रोज. डब्यात टाकायचं औषध किती देणार, तेही विचारा. आणि नियम करा की तो फक्त आई आणि सासऱ्यांसाठी. बाकीच्यांनी पेट्रोल पंप गाठायचे. सहा जणांनी वापरला तर दुपारीच भरतो.

---

सुशीला_प्रेमी

माझा पहिला प्रश्न आता कुणाला विनोद वाटत नसेल.

---

वकिलीण

लायसन्सचं कुणी सांगितलं नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलंय: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचं व्यावसायिक वाहन चालवू शकतो. ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम सहसा त्याच्या आत बसते. आरसी बुकात एकूण वजन बघा. पण ड्रायव्हरसकट घेतलेल्या गाडीचं स्टेअरिंग तुम्ही धरलंत आणि काही झालं, तर तुमचा मालकाशी झालेला करार काय म्हणतो हा वेगळा प्रश्न. धरू नका.

---

खारा_वारा (डोंबिवली, मूळ उमरगा)

आता मुंबईचं मी सांगतो, बावीस वर्षं झाली इकडं.

दादा, मोटरहोम घेऊन मुंबईत शिरणं म्हणजे उसाची ट्रॉली घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजारात शिरणं. आत जाता येतं. मग सोळा रस्त्यांपैकी एकही आपला नसतो.

टोलचं आधी. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. पण मोटरहोम फास्टॅगवर कोणत्या वर्गात नोंदली आहे ते मालकाला विचारा, मिनीबस असेल तर गणित बदलतं. मॉलच्या तळघरात उंचीचा आडवा दांडा असतो, तिथं तुमची गाडी डोकंसुद्धा घालू शकणार नाही. रस्त्याकडेला लावलीत तर दिवसा टोइंगवाले आणि रात्री पोलीस. काचेवर टकटक करून विचारणार, आत कोण झोपलंय? चूक त्यांचीपण नाही. नातेवाईकाच्या सोसायटीत लावू म्हणाल, तर आमच्या सोसायटीत पाहुण्याची स्कूटर लावली तरी ग्रुपवर फोटो पडतो.

शहराच्या आत प्लग, पाणी आणि डबा रिकामा करायची सोय अशी तिन्ही एका ठिकाणी देणारी जागा मला तरी आजवर दिसली नाही. राज्याने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यात बसणाऱ्या जागा बाहेर, निसर्गात. फोर्टात नाही.

माझं मत, गाडी पनवेलला किंवा कर्जतला ठेवा. पनवेलहून हार्बर लोकल सीएसएमटीला साधारण सव्वा-दीड तासात नेते. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळं आईंना बसायला जागा मिळते. सकाळची आणि संध्याकाळची गर्दीची वेळ सोडा. रविवारी जाऊ नका, मेगाब्लॉक असतो.

---

मांजराकाठ

म्हणजे मोटरहोम घेऊन मुंबईला जायचं, पण मोटरहोम मुंबईला न्यायची नाही. आणि लोकलमध्ये दीड तास आईसाठी संडास नाही. मी परत जिथं होतो तिथंच आलो की हो.

---

हिशेबनीस

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

---

कडक_भाकरी

हिशेबनीस, तुमच्या हिशेबात सलाईनच्या दोन बाटल्या धरल्यात का?

---

गौतमी (नांदेड)

थोडं वेगळं लिहिते. आमचं घर दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जातं. आजी असेपर्यंत आजीपण. रेल्वेने जातो, शिवाजी पार्कच्या मंडपात झोपतो. पालिका पाणी, फिरते संडास, दवाखाना सगळं उभं करते, तरी लाखोंच्या गर्दीत बायांची रांग ती रांगच. आजीची युक्ती अशी होती की पहाटे साडेतीनला उठायचं, रांग लागायच्या आत सगळं उरकायचं आणि मग दिवसभर पुस्तकांच्या स्टॉलवर बसायचं. पाणी तिने कधी तोडलं नाही. म्हणायची, "तहान मारून बाबासाहेबांना काय तोंड दाखवू, ते तर पाण्यासाठीच भांडले." चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, आजीला तारीखसुद्धा पाठ होती, 20 मार्च.

मोटरहोम घ्या किंवा घेऊ नका, पण आईंना कुणीतरी सांगा की पाणी मागणं हे ओझं नाही. हे आपण सांगत नाही, आपण फक्त "आई, पाणी प्यायलीस का" असं ओरडतो.

---

निवृत्त_कंडक्टर

गौतमीताई, नमस्कार. तुमच्या आजीला.

---

लका_बघ_की (उदगीर)

लका एवढा कुटाणा कशाला करायलाव. नांदेडहून वंदे भारत सुरू झालीय ऑगस्ट 2025 पासून, बसा की त्यात. संडास चकाचक, धरायला दांडे. दुपारी मुंबई.

---

मांजराकाठ

उदगीरकर, लातूरहून नांदेडला जाऊन पहाटेची गाडी धरायची? त्यापेक्षा समृद्धीच घेतो. 🙂

---

भरती_ओहोटी (अलिबाग)

मी परभणीची, लग्न होऊन अलिबागला. धागा उशिरा दिसला.

तुम्ही सगळे मुंबईत जमिनीवरून शिरायचं बघताय. समुद्राच्या बाजूने शिरा ना! खोपोलीला एक्स्प्रेसवे सोडा, पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबागकडे या. मोटरहोम मांडव्याजवळ एखाद्या वाडीत लावा. इथं नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरगुती राहायची सोय करणारे भरपूर आहेत. पाणी, प्लग, संडास, सगळं मिळतं, आधी फोन करून गाडीची लांबी-उंची सांगायची, कारण वाडीच्या गल्ल्या अरुंद आणि वर फांद्या. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते, 2020 च्या मार्चपासून चालू आहे. तासाभरात मुंबई. नुसत्या प्रवाशांनाही घेतात. आत बसायला खुर्च्या आणि संडास आहे. गाडीपण चढवता येते, पण चढवू नका, नाहीतर खारा_वारा यांची गंजगोलाई पुढं आहेच.

तीन गोष्टी. नाताळ ते 31 डिसेंबर अख्खी मुंबई अलिबागला लोटते, तेव्हा बोटीचं आणि वाडीचं आधी बुक करा. उलट दिशा असल्याने सकाळी मुंबईकडे जाणारी बोट त्या मानाने मोकळी. दुसरं, एलिफंटा सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. एलिफंटाला पायऱ्याही शंभरावर आहेत, गुडघ्यांना नको. तिसरं महत्त्वाचं: गाडी पुळणीवर उतरवायची नाही. नाही म्हणजे नाही. दरवर्षी कुणीतरी रीलसाठी उतरवतो आणि मग ट्रॅक्टर शोधत गावात फिरतो. भरती दिवसातून दोनदा येते, रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा सरकते. काल याच वेळी वाळू होती म्हणून आज असेल असं नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी आणखी वर येतं.

---

सुशीला_प्रेमी

वेळ अमावस्येला आमच्याकडे आंबिलीला उधाण येतं.

---

भरती_ओहोटी

नका हो आठवण काढू. आंबील आणि भज्जी, शेतात पांडवांच्या कोपीसमोर (कडब्याच्या खोपीसमोर) बसून. इथं शेजारणीला भज्जी करून दिली, म्हणाली छान आहे, पण ही पालेभाजी की उसळ? सोळा भाज्या-डाळी मोजून दाखवल्या, तरी समाधान नाही.

---

कडक_भाकरी

वेळ अमावस्या लातूर-धाराशिवकडची जास्त. पण प्रवासाला भज्जी नाही टिकत. ज्वारीच्या कडक भाकऱ्या न्या, महिनाभर काही होत नाही. येसर न्या, गरम पाण्यात कालवलं की आमटी. डिझेल_मामांच्या बॅटरीचे सहाशे वाचतील.

---

सुशीला_प्रेमी

आणि मुरमुरे. पाण्यात भिजवले, पिळले, फोडणीत टाकले, पाच मिनिटांत सुशीला. पोहे हे ज्यांना सुशीला माहीत नाही त्यांच्यासाठी आहेत.

---

लका_बघ_की

निलंगा राईस विसरले बघा सगळे. सकाळी सकाळी, वर चटणी.

*(यानंतर निलंगा राईस पिवळा का, त्याला पुलाव म्हणायचं का, यावर सतरा प्रतिसाद झाले. धागाकर्त्याच्या विनंतीवरून ते पाककृती विभागात हलवले आहेत. – व्यवस्थापन)*

---

मांजराकाठ

मंडळी, जाऊन आलो. कालच. उशिरा लिहितोय, पण वाचा.

भरती_ओहोटी यांचा रस्ता धरला. गाडीमालकाला कडक_भाकरी यांचे सगळे प्रश्न विचारले. पहिल्या दोघांनी संडासाच्या प्रश्नावर फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "डबा तुम्ही रिकामा करणार असाल तर वापरा की." भाडंही हजाराने कमी केलं. ड्रायव्हर पंढरपूरचा, शांत माणूस, त्याला आम्ही माउली म्हणायचो.

पहाटे चार म्हणता म्हणता साडेपाचला निघालो, कारण सासऱ्यांनी गाडीची पूजा काढली. येडशीच्या अलीकडे आई आतल्या कॉटवर बसली होती. मला हाक मारली. मी आपला दचकून मागं गेलो. म्हणाली, "बाटली दे रे जरा." पाण्याची. स्वतःहून. अर्धी प्यायली, मग त्या दाराकडं एकदा बघून घेतलं, उरलेलीपण प्यायली. टेंभुर्णीपर्यंत तिने तो संडास तीन वेळा वापरला. तिसऱ्या वेळी गरज नसणार असं बायकोचं म्हणणं आहे.

धरायला आत दांडा नव्हता. गेल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं, तर लातूरहून बाथरूमचा स्टीलचा हँडल घेऊन मालकाला सांगून आधीच बसवून घेतला. तो आता गाडीतच राहिला, पुढच्या कुणाच्या तरी आईला उपयोगी पडेल.

डबा. काय सांगू. पहिल्यांदा भिगवणच्या पुढं एका पंपावर नेला. पंपावरच्या पोराला खरं सांगितलं, आईसाठी आहे. त्याने विचारलं, "वयस्कर आहेत का?" आणि स्वतः बादलीभर पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीवालीच्या संडासात. एकूण चार वेळा. कडक_भाकरी, तुमच्या मिस्टरांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

घाटात माउलीने इतकी सावकाश घेतली की मागं रांग लागली. टाकी पूर्ण भरलेली, वळणावर पाणी डचमळायचं आणि गाडी एक ढकल जास्त खायची. टाकी घाटाच्या आधी नाही, नंतर भरा. हे कुणी सांगितलं नव्हतं.

वाडीत शिरताना फणसाच्या फांदीने वरचा छोटा झरोका खरवडला. दोन हजार रुपये.

रो-रोवर पोरं वर डेकवर, आई खाली खुर्चीत. मी विचारलं, समुद्र बघायला वर येतेस का, लिफ्ट नाही, पण धरून नेतो. म्हणाली, "इथनं दिसतोय की. किती बघायचा, सगळा सारखाच आहे." पण खालच्या मजल्यावर लावलेल्या मोटारी बघून तिचं डोकं फिरलं. एवढ्या गाड्या, ट्रकसारखा टेम्पो, वर माणसं, आणि हे तरंगतं कसं? सासऱ्यांनी अर्धा तास समजावलं. शेवटी तिने निकाल दिला: "मग आपली का नाही आणली?"

भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सी करून गेटवे, म्युझियम, चौपाटीवर भेळ. लोकलमध्ये नाही बसवलं. दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेसमोर धाकटा पाऊण तास उभा. तिसऱ्या दिवशी कुणीच मुंबईला गेलं नाही. वाडीतच बसलो. आईने वाडीवालीकडून आंबोळ्या शिकून घेतल्या आणि तिला धपाटे शिकवले. खर्च हिशेबनीसांच्या आकड्यापेक्षा तीन हजार जास्त झाला, फांदी धरून.

---

हिशेबनीस

फांदी माझ्या हिशेबात नव्हती. बाकी अभिनंदन. आमची आईपण अडुसष्टची आहे. तिसऱ्या मालकाचा नंबर मला निरोपात टाका.

---

डिझेल_मामा

हँडल कोणत्या स्क्रूने बसवला? पत्र्याला की आतल्या फ्रेमला? पत्र्याला असेल तर मालकाला आत्ता फोन करा, वजन पडलं की उपटून येईल.

---

मांजराकाठ

फ्रेमला, मामा. मिस्त्री तुमच्यासारखाच भांडखोर होता.

---

सुशीला_प्रेमी

धपाट्यांचा डबा शेवटी कुठं ठेवला?

---

मांजराकाठ

आईच्या उशाशी. वडखळच्या आतच संपला.